गॅमा-डेल्टा टी-पेशी : शरीरातील पहारेकरी जागे कसे होतात?

आपल्याकडे बहुतेकांच्या डाव्या दंडावर बी.सी.जी. लसीचा एक लहानसा व्रण असतो. बालकाच्या जन्मानंतर लवकरच टोचल्या जाणाऱ्या या लसीत क्षयजंतूंच्याच जातकुळीतील, परंतु दुर्बल केलेले जिवंत जंतू असतात. मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून ही लस बालकांचे चांगले रक्षण करते. प्रौढांना होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून मात्र तिचे संरक्षण भरवशाचे नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्ण एकट्या भारतात आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे अधिक परिणामकारक लसीची निकड सहज ध्यानात येते. अशा लसीच्या शोधात ज्या पेशींकडे शास्त्रज्ञांचे विशेष लक्ष वेधले गेले आहे, त्या म्हणजे रक्तातील गॅमा-डेल्टा टी-पेशी होत.

पेशींची दोन घराणी

रोगप्रतिकाराचे कार्य करणाऱ्या श्वेतपेशींमध्ये टी-पेशींचे स्थान महत्त्वाचे आहे. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत त्या परिपक्व होतात. प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावर शत्रूची ओळख पटविणारे एक प्रथिन असते. त्याला ग्राही असे म्हणतात. बहुसंख्य टी-पेशींचा ग्राही अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांनी बनलेला असतो. १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत सुसुमु तोनेगावा आणि त्यांचे सहकारी या ग्राहीच्या जनुकांचा शोध घेत असताना त्यांना एक वेगळेच जनुक अनपेक्षितपणे आढळले. त्याला गॅमा हे नाव मिळाले. १९८६ साली गॅमा आणि डेल्टा या साखळ्या धारण करणाऱ्या पेशी मानवी रक्तात दाखविण्यात आल्या, आणि टी-पेशींचे दुसरे घराणे उजेडात आले.

या दोन घराण्यांच्या कामाच्या रीती भिन्न आहेत. अल्फा-बीटा पेशी रीतसर सादर झालेल्या प्रकरणावरच कार्यवाही करतात. जंतूच्या प्रथिनाचे तुकडे व्हावेत, ते दुसऱ्या एखाद्या पेशीने विशिष्ट धारकावर ठेवून समोर मांडावेत, तेव्हा कोठे त्या हालचाल करतात. गॅमा-डेल्टा पेशींना या सोपस्काराची गरज नसते. निरोगी प्रौढाच्या रक्तातील टी-पेशींत त्यांचे प्रमाण सामान्यतः १ ते ५ टक्के एवढेच असते. परंतु क्षय, हिवताप यांसारख्या रोगांत ते कित्येक पटींनी वाढू शकते.

जंतूच्या चुलीचा धूर

या पेशींना जागे करणारा पदार्थ कोणता, हे कोडे बरेच दिवस सुटले नव्हते. तो पदार्थ प्रथिन असावा, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. १९९४ आणि १९९५ या वर्षांतील संशोधनातून असे दिसून आले की, तो प्रथिन नसून फॉस्फेटयुक्त असा अगदी लहान रेणू आहे. क्षयजंतूंच्या अर्कातही असेच रेणू मिळाले.

हे रेणू येतात कोठून? प्रत्येक सजीव पेशीला आपल्या अनेक घटकांच्या निर्मितीसाठी आयपीपी नावाचा एक मूलभूत पदार्थ लागतो. मानवी शरीरात कोलेस्टेरॉलही त्यापासूनच तयार होते. मात्र तो तयार करण्याचे मार्ग दोन आहेत. माणसाच्या पेशी एका मार्गाने जातात, तर क्षयजंतू, इतर अनेक जीवाणू आणि हिवतापाचे परजीवी दुसऱ्या मार्गाने जातात. या दुसऱ्या मार्गावर एचएमबीपीपी नावाचा एक मधला पदार्थ तयार होतो. मानवी पेशी तो कधीच बनवीत नाहीत. २००१ साली तो ओळखण्यात आला. गॅमा-डेल्टा पेशींना चेतविण्याची त्याची शक्ती आयपीपीच्या सुमारे दहा हजार पट आहे.

गावातील जागल्या चुलीच्या धुरावरून आत कोणते सरपण जळत आहे, हे ओळखतो. तसाच हा प्रकार आहे. जंतूने आपले बाह्यरूप कितीही बदलले, तरी जगण्यासाठी त्याला चूल पेटवावीच लागते. आणि चूल पेटली की, तिचा धूर लपत नाही.

आपल्या स्वतःच्या पेशींतही आयपीपीचा साठा प्रमाणाबाहेर वाढला, तर हे पहारेकरी जागे होतात. काही कर्कपेशींमध्ये असे घडते. १९९९ साली जर्मनीतील डॉक्टरांनी एक लक्षणीय निरीक्षण नोंदविले. हाडांच्या विकारावरील पॅमिड्रोनेट हे औषध प्रथम दिल्यानंतर काही रुग्णांना ताप येई, आणि त्यांच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशी वाढलेल्या आढळत. या वर्गातील औषधे आयपीपीचा पुढील वापर रोखतात. त्यामुळे तो पेशीत साचतो, असा त्याचा उलगडा पुढे झाला.

आतील खूण बाहेर कशी येते?

येथे एक अडचण उभी राहते. हे रेणू बाधित पेशीच्या आत असतात आणि पहारेकरी बाहेर असतो. मग आतील वार्ता बाहेर पोहोचते कशी? याचे उत्तर ब्युटिरोफिलिन या प्रथिनकुलात मिळाले. या कुलातील पहिले प्रथिन गाईच्या दुधातील स्निग्ध कणांच्या आवरणात सापडले होते. म्हणून 'लोणीप्रिय' या अर्थाचे हे नाव पडले. २०१२ साली या कुलातील बीटीएन३ए१ हे प्रथिन गॅमा-डेल्टा पेशींच्या उद्दीपनासाठी आवश्यक असल्याचे सिद्ध झाले. हे प्रथिन पेशीपटलाला आरपार छेदून बसलेले असते. त्याच्या आतील टोकाशी एक खोबण असते आणि फॉस्फेटयुक्त रेणू नेमका त्या खोबणीत बसतो.

२०२० साली ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधील संशोधकांनी या साखळीतील दुसरा दुवा, म्हणजे बीटीएन२ए१ हे प्रथिन, शोधून काढला. त्याचा बाहेरील भाग पहारेकरी पेशीच्या ग्राहीतील गॅमा साखळीला थेट जोडला जातो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे स्पष्ट झाले की, खोबणीत बसलेला रेणू डिंकाप्रमाणे काम करून या दोन प्रथिनांची आतील टोके एकमेकांस चिकटवितो. आत घडलेल्या या जोडणीचा परिणाम बाहेरील बाजूस होतो आणि पहारेकऱ्यास इशारा मिळतो.

हा उलगडा होण्यास एवढा विलंब लागण्याचे एक कारण असे की, प्रयोगशाळेतील उंदरांच्या शरीरात ही व्यवस्थाच नाही. त्यामुळे हे काम मानवी पेशींवर आणि माकडांवरच करावे लागले.

वरील वर्णन रक्तातील प्रमुख गटाला लागू आहे. आतड्यांच्या अस्तरात व इतर ऊतींत वास्तव्य करणारा गॅमा-डेल्टा पेशींचा दुसरा गट अन्य खुणा ओळखतो. ताणाखालील पेशी आपल्या पृष्ठभागावर काही विशेष प्रथिने आणतात. त्यांचीही दखल या पेशी घेतात. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील कर्करोग संशोधन संस्थेत शुभदा चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवरील अशाच एका ताण-प्रथिनाला गॅमा-डेल्टा पेशी ओळखतात, असे दाखवून दिले.

जागे झाल्यानंतर

इशारा मिळताच या पेशी काही तासांतच कामाला लागतात. त्या इंटरफेरॉन-गॅमासारखी द्रव्ये सोडून इतर रक्षक पेशींना सावध करतात, तसेच बाधित पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडून तिचा नाश करतात. त्यांची संख्याही झपाट्याने वाढते. २००२ साली माकडांवरील प्रयोगात असे आढळले की, बी.सी.जी.च्या जंतूंशी दुसऱ्यांदा गाठ पडल्यावर या पेशींची वाढ अधिक त्वरेने होते. म्हणजे त्यांना पूर्वानुभवाची आठवण राहते. २०१९ साली तर या पेशी वाढविणाऱ्या लसीमुळे माकडांमधील क्षय आटोक्यात राहिल्याचे दिसून आले.

आशा आणि मर्यादा

या ज्ञानाच्या आधारे क्षयावरील लस व कर्करोगावरील उपचार विकसित करण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत. तथापि ते अद्याप चाचण्यांच्या अवस्थेत आहेत. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. या पेशींना पुनःपुन्हा चेतविल्यास त्या थकतात, आणि त्यांचा प्रतिसाद मंदावतो. काही गाठींमध्ये तर त्या रोगालाच साहाय्यभूत ठरल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा प्रतिकारशक्ती जेवढी वाढेल तेवढी चांगली, ही समजूत शास्त्राला धरून नाही. अशी शक्ती 'वाढविण्याचा' दावा करून विकल्या जाणाऱ्या औषधांकडे शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांनी चिकित्सक दृष्टीने पाहावे, व ती दृष्टी गावकऱ्यांनाही द्यावी.

पहारेकरी जागा असला, तरी गावाचे काम संपत नाही. बालकास वेळेवर बी.सी.जी. टोचणे, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असणाऱ्यांची थुंकी तपासून घेणे, आणि निदान झालेल्या रुग्णाने बरे वाटू लागल्यावरही औषधांचा क्रम पूर्ण करणे, ही आज हाती असलेली खात्रीची साधने होत. शासकीय रुग्णालयांत ही तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. २०२३ साली सुरू झालेल्या 'टीबी मुक्त पंचायत' उपक्रमाने या कामात ग्रामपंचायतींना प्रत्यक्ष वाटा दिला आहे. प्रयोगशाळेतील संशोधन उद्याची लस घडवील; तोपर्यंत खोकणाऱ्या माणसाला तपासणी केंद्रापर्यंत नेण्याचे काम गावातील जाणत्यांनाच करावयाचे आहे.