पाच वॅटचा पसारा

नखाएवढी चिप आज वीस-पंचवीस वॅट सहज देते. तरीही जेमतेम पाच वॅटसाठी तीन जड ट्रान्सफॉर्मर, वाकवलेला पत्रा आणि हात भाजेल इतके तापणारे व्हॉल्व्ह असा संसार मांडणारे हौशी लोक आहेतच. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली त्यांना घरच्यासारखी. गप्पा रंगतात त्या व्हॉल्व्हच्या मेकवर: बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा जुना चांगला, की हल्ली स्लोव्हाकिया, रशिया, चीनमधून येणारा नवा? खरं तर आवाजाची प्रत ठरते ती ट्रान्सफॉर्मरवर.

घरी बांधायला सगळ्यात सुटसुटीत यंत्र म्हणजे ईएल८४ या पॉवर व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायर. पन्नाशीच्या दशकात फिलिप्सने आणलेला हा नऊ पिनांचा व्हॉल्व्ह पुढे असंख्य रेडिओ आणि रेडिओग्राममध्ये बसला. प्रत्येक चॅनेलला एक ईएल८४, आणि दोन्ही चॅनेलना मिळून एकच ईसीसी८३, कारण त्याच्या एका काचेत दोन ट्रायोड असतात. काम सगळीकडे तेच. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे धावतात आणि वाटेतल्या ग्रिडवरचा लहानसा सिग्नल त्यांचा ओघ कमी-जास्त करतो. ही ग्रिड ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये घातली.

आराखडा स्पीकरकडून मागे मांडत यावा. ईएल८४ला प्लेटवर २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर दिले, तर त्याला समोर सुमारे ५२०० ओहमचा भार लागतो. स्पीकर असतो ८ ओहमचा. दोघांची गाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालून देतो: ५२०० भागिले ८ म्हणजे ६५०, त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस, वेढ्यांचं प्रमाण तेवढं. सिंगल-एंडेड रचनेत प्रायमरीतून डीसी सतत वाहत असल्याने गाभा चुंबकित होऊन बसतो. म्हणून ई आणि आय पट्ट्यांमध्ये कागद घालून फट ठेवतात. फट ठेवली की इंडक्टन्स घटतो आणि खर्ज पातळ होतो. तो परत मिळवायचा तर गाभा मोठा हवा, वेढे जास्त हवेत. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये आलेल्या विल्यमसन अ‍ॅम्प्लिफायरचं नाव झालं, त्यातही आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा वाटा मोठा होता.

पुरवठ्याचं गणित सोपं आहे. २०० व्होल्टची वाइंडिंग ब्रिज रेक्टिफायरमधून गेली की कंडेन्सरवर शिखराइतके, म्हणजे २८० व्होल्ट जमतात. भार पडल्यावर आणि फिल्टरनंतर ते अडीचशेच्या आसपास उतरतात. फिलामेंटना ६.३ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरहून थोडं जास्त लागतं. त्या दोन वायरी घट्ट पिळून पत्र्याच्या कडेने न्याव्यात.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. फिलामेंटचा ६० वॅटचा बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्याआधी स्पीकर किंवा ८ ओहमचा जाड रेझिस्टन्स जोडलेला हवा, कारण भाराविना सिग्नल गेला तर प्रायमरीवर उसळलेला व्होल्टेज वाइंडिंग फोडू शकतो.

बिघाडांमध्ये घरघर पहिली. जाड, ५० हर्ट्झची असेल तर फिलामेंटच्या वायरी किंवा अर्थिंग तपासावं. १०० हर्ट्झची असेल तर फिल्टर. ईसीसी८३ उपसल्यावरही ती राहिली तर दोष पुढच्या भागात किंवा पुरवठ्यात. निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा अंश मागे इनपुटकडे नेणारी वायर, जोडताच अ‍ॅम्प्लिफायर किंचाळू लागला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची टोकं उलटी लागली आहेत.

सगळ्यात फसवा बिघाड मात्र ईसीसी८३चा सिग्नल ईएल८४च्या ग्रिडला पोचवणाऱ्या कपलिंग कंडेन्सरचा. ईएल८४ची प्लेट लालबुंद होते आणि दोष व्हॉल्व्हला दिला जातो. मीटर लावून पाहावं. कॅथोडच्या १३५ ओहमवर सव्वासात व्होल्ट हवेत. ११ मिळाले तर प्रवाह ८० मिलिअँपिअरवर गेला. मग ग्रिड मोजावी. तिथे शून्य हवं. पण आधीच्या प्लेटवरून कंडेन्सरमधून नुसते ५ मायक्रोअँपिअर गळले, तरी ग्रिडच्या ४७० किलोओहमवर सव्वादोन व्होल्टहून जास्त उभे राहतात. आता बंद करून ईएल८४ काढायचा, पुन्हा सुरू करून सॉकेटवर तीच पिन मोजायची. व्होल्ट तसेच असतील तर कंडेन्सर गळका. गेले असतील तर व्हॉल्व्हच खराब. नवा व्हॉल्व्ह विकत आणण्याआधी हे मोजमाप करावं.

हे सगळं करताना एक हात खिशात हवा. वीज बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सर जीव घेण्याइतका भरलेला असू शकतो. त्याला आडवा २२० किलोओहमचा रेझिस्टन्स कायमचा जोडावा, आणि तरीही हात घालण्याआधी मीटर लावावा.

पहिला अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याने पैशांचा मोठा वाटा आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर घालावा आणि व्हॉल्व्ह साधे, नवे घ्यावेत. व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपसून केव्हाही बदलता येतो. ट्रान्सफॉर्मर बदलायचा तर पत्राच नव्याने कापावा लागतो.