प्लास्टरखाली स्नायूचं काय होतं?

पायाचं प्लास्टर काढलं की पोटरी बारीक झालेली दिसते. आपण म्हणतो, पाय वाळला. खरं तर तो स्नायू शरीरानेच मोडीत काढलेला असतो, आणि तेही शिस्तीने.

२००१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ॲट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही दोन जनुकं पुढे आली. स्नायूचं काम थांबलं, त्याची नस (मज्जातंतू) तुटली किंवा उपासमार झाली की ती झपाट्याने सक्रिय होतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं स्नायूतल्या इतर प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चिकटवतात. खूण लागलेल्या प्रथिनाचे प्रोटिअसोम हे पेशीतलं यंत्र तुकडे करतं. या खुणेच्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातलं एकेक जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे स्नायू नस कापल्यावरही कमी झिजले. मला हा पुरावा फार महत्त्वाचा वाटतो: झीज अटळ नाही, तिला कळ आहे.

हालचाल परतली की तेच झिजलेले स्नायूतंतू पुन्हा जाड होतात. तंतूच फाटले तर मात्र उपग्रह पेशी लागतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या पाहिल्या. एरवी त्या तंतूला चिकटून निजलेल्या असतात. इजा झाली की विभागतात आणि नवे तंतू घडवतात.

पण ही दुरुस्ती नेहमीच पुरी पडत नाही. ड्यूशेन या स्नायूंच्या आजारात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसल्याने मुलांचे तंतू सतत फाटत राहतात. दुरुस्ती मागे पडते आणि स्नायूच्या जागी चरबी व चिवट ऊती भरत जातात.