जन्मानंतरचे पहिले चोवीस तास

'घरात एकाला हिपॅटायटिस बी निघालाय, त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवायचं का?' हा प्रश्न वाचकांकडून वारंवार येतो. अजिबात नको. अन्नपाण्यातून पसरते ती 'ए' आणि 'ई' कावीळ. 'बी'चा विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो. वेगळं ठेवायचं ते ब्लेड आणि टूथब्रश. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो निदान आठवडाभर तग धरतो.

मात्र हा विषाणू जन्मभर अंगात वागवणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी बहुतेकांना तो जन्मताना किंवा अगदी बालपणी मिळालेला असतो. हे समजण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या पामर बीझली यांचं नाव आपल्याकडे क्वचितच ऐकू येतं. या विषाणूच्या शोधाशी जोडलेलं १९७६चं नोबेल बारूक ब्लूमबर्ग यांना मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण तो माणसामाणसांत कसा टिकून राहतो, याचा माग बीझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तैवानमध्ये गरोदर बायका आणि त्यांची बाळं तपासत काढला. आईच्या रक्तात याच 'बी' विषाणूचं 'ई अँटिजेन' हे प्रथिन असेल तर बहुतेक बाळांना लागण होते, आणि ती बहुधा गर्भात नव्हे, तर प्रसूतीच्या वेळी होते, हे त्यातून दिसलं. म्हणजे अडवायला वेळ मिळतो! मला हा शोध विषाणूच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

मोठ्या माणसाची प्रतिकारशक्ती लागण झालेल्या यकृतपेशींवर तुटून पडते. त्यातूनच कावीळ दिसते आणि बहुतेकांच्या अंगातून विषाणू हद्दपार होतो. शंभरात पाचांहून कमी जणांत तो उरतो. नवजात बाळांत मात्र शंभरातल्या नव्वदांत. जन्मल्यापासून ओसरीवर बसलेला माणूस मुलाला परका वाटत नाही, तसंच हे. बाळाला ना कावीळ, ना ताप. यकृत कित्येक वर्षांनी बोलतं. बीझलींनी तैवानमधल्या २२,७०७ पुरुषांवर लक्ष ठेवलं, तेव्हा या विषाणूच्या वाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट निघाला.

तैवानने १९८४मध्ये हिपॅटायटिस बीविरुद्ध बाळांचं लसीकरण सुरू केलं. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या सहा ते चौदा वयाच्या मुलांतला यकृताचा कर्करोग निम्म्यावर आला. आपल्याकडेही बाळाला पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांत, बीसीजी आणि पोलिओच्या थेंबांसोबतच द्यायचा असतो, आईची तपासणी निगेटिव्ह आली असली तरीही.