लॅपटॉप जागा का होत नाही?

असे समजा, की आज विज्ञान प्रदर्शनात तुमचा प्रकल्प मांडायचा आहे. चार महिने रोज घेतलेली पावसाची मोजमापे, आलेख, छायाचित्रे, सारे काही लॅपटॉपमध्ये आहे. काल रात्री लॅपटॉपने विचारले, "कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आली आहे, बसवू का?" तुम्ही 'हो' म्हटलेत आणि झोपलात. सकाळी बटण दाबले, तर पडदा काळाच! शेजारचा दादा येतो, मान हलवतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल."

थांबा! एवढ्यात त्याला हात लावू देऊ नका. अशा वेळी बिघाड बहुधा एका लहानशा दुव्यात असतो. तुमची मोजमापे डिस्कवर जिथल्या तिथे असतात. घाईने केलेला फॉरमॅट मात्र ती पुसून टाकू शकतो. मग करायचे काय? आधी लॅपटॉप सुरू कसा होतो, हे समजून घेऊ या.

चूल पेटवताना आपण आगकाडी एकदम ओंडक्याला लावत नाही. काडीने कागद पेटतो, कागदाने काटक्या पेटतात आणि मग ओंडका धरतो. संगणकाचेही असेच आहे. वीज बंद होताच त्याची कामचलाऊ स्मृती कोरी होते. कार्यप्रणाली असते डिस्कवर. पण डिस्क वाचायची कशी, हे सांगणारी आज्ञावली तरी आधी हवी ना? ती मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची साठवलेली असते. हीच आपली आगकाडी! पूर्वी तिला 'बायोस' म्हणत; आजच्या लॅपटॉपमध्ये तिच्या जागी 'यूईएफआय' असते.

ही आज्ञावली स्मृती, डिस्क इत्यादींची तपासणी करते. याच वेळी पडद्यावर कंपनीचे चिन्ह दिसते. मग ती डिस्कवरील 'बूटलोडर' नावाची छोटी आज्ञावली शोधून तिच्या हाती काम सोपवते. हा झाला कागद. बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे 'कर्नल', स्मृतीत आणतो. कर्नल पडदा, कळफलक, वायफाय यांना चालवणारे 'ड्रायव्हर' जागे करतो. शेवटी परवलीचा शब्द विचारणारा पडदा समोर येतो.

आता मुख्य मुद्दा. नवी आवृत्ती बसवताना या साखळीतले मधले दुवे बदलले जातात: बूटलोडर, कर्नल आणि ड्रायव्हर. चिपमधील आज्ञावलीला सहसा हात लागत नाही. तुमच्या फाइलीही जशाच्या तशा राहाव्यात, अशीच योजना असते. पण मध्येच वीज गेली, डिस्कवर जागा कमी पडली किंवा जुना ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळला नाही, तर साखळी तुटते. म्हणून स्वतःला पहिला प्रश्न विचारा: साखळी कोठपर्यंत चालली?

(१) दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. येथे वीजच पोचत नाही. चार्जर आणि सॉकेट तपासा. पेनड्राइव्ह वगैरे जोडलेल्या वस्तू काढा. मग चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पुन्हा चार्जर लावा आणि सुरू करून पाहा. मात्र पडदा काळा असूनही दिवा लुकलुकत असेल, तर काम अजून चालू असण्याचा संभव आहे. तासभर धीर धरा.

(२) कंपनीचे चिन्ह दिसते. पण नंतर 'सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. म्हणजे आगकाडी पेटली, कागद सापडला नाही. यूईएफआयच्या पानावर जाऊन डिस्कचे नाव दिसते का ते पाहा. दिसत असेल, तर बूटलोडर दुरुस्त करता येतो. दिसत नसेल, तर डिस्क किंवा तिची जोडणी बिघडली असावी; तेव्हा जाणत्या तंत्रज्ञाकडे जा.

(३) गोल चक्र फिरते, मग निळा पडदा येतो आणि लॅपटॉप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. येथे संशय कर्नल किंवा ड्रायव्हरवर. लागोपाठ दोनदा सुरू होणे फसले, तर विंडोज आपण होऊन दुरुस्तीचे पान दाखवते. तेथे 'सेफ मोड' निवडता येतो. त्यात अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर जागे होतात. शेवटचा बदल काढून टाकण्याची सोयही तेथेच असते. विंडोज १० किंवा ११ च्या मोठ्या आवृत्तीबदलानंतर साधारण १० दिवसांपर्यंत मागे फिरता येते. उबुंटू लिनक्समध्ये सुरुवातीच्या यादीतून आधीचा कर्नल निवडता येतो.

(४) पडदा काळा. पण कॅप्स लॉक दाबताच त्याचा छोटा दिवा लागतो आणि विझतो. म्हणजे लॅपटॉप जागा आहे, फक्त चित्र दिसत नाही! केबलने दूरदर्शन संच जोडून पाहा. त्यावर चित्र आले, तर फाइली लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

एक दुवा तुटल्याने केवढा गोंधळ होतो, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीची एक सदोष फाइल विंडोज चालवणाऱ्या संगणकांवर पोचली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि उपाय? असंख्य संगणकांवर सेफ मोडमध्ये जाऊन ती एकच फाइल पुसणे! फॉरमॅटची गरज नव्हती. मात्र ज्यांची डिस्क 'बिटलॉकर'च्या कुलपात होती, त्यांपैकी अनेकांना आधी ४८ अंकी किल्ली शोधावी लागली. तुमच्या लॅपटॉपला असे कुलूप असेल, तर ती किल्ली आजच वहीत उतरवून ठेवा.

काहीच जमले नाही, तरी एक मार्ग उरतो. दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हमध्ये लिनक्स भरा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. 'बसवा' न निवडता 'वापरून पाहा' निवडले, की डिस्कवरील काहीही न बदलता फाइली बाहेर काढता येतात. आधी फाइली, मग दुरुस्ती, हा क्रम विसरू नका. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत नोंदवा. नाहीतर कोणत्या उपायाने गुण आला, ते कळणार नाही.

आणि पुढच्या वेळी? नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, चार्जर लावा, डिस्कवर जागा मोकळी करा. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तर 'नंतर' हेच उत्तर योग्य!

करून पाहा : चांगला चालणारा लॅपटॉप घड्याळ लावून सुरू करा. कोणत्या सेकंदाला दिवा, चिन्ह, चक्र आणि शेवटचा पडदा आला, ते लिहून ठेवा. निरोगी माणसाची नाडी माहीत असली, तरच आजाऱ्याची ओळखता येते.