परदेशी पाहुण्याला सोलापूर दाखवायचंय? एक दिवस पुरेसा आहे!

मित्रांनो, बाहेरच्या देशातला दोस्त घरी येणार असेल, तर नवी पेठेतून निघा. हा क्रम मला मनापासून आवडतो.

🌅 सकाळ : बहमनी काळातला भुईकोट किल्ला. त्याला लागूनच तलावातलं श्री सिद्धेश्वर मंदिर. ऊन चढायच्या आत दोन्ही बघून होतात. जानेवारीत आलात तर सिद्धेश्वराची गड्डा यात्राही गाठता येते.

🚩 नंतर चार हुतात्मा चौक : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉची हकीकत पाहुण्याला जरूर सांगा.

🩺 दुपारी डॉ. कोटणीस स्मारक, भैय्या चौक : 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. त्यांची समाधी चीनमधल्या श्ज्याच्वांग शहरात आहे. पाहुणा चिनी असेल, तर हे ठिकाण अजिबात चुकवू नका.

🍽️ जेवण : कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही.

🛍️ संध्याकाळी परत नवी पेठ : भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर भेट द्या. बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडतील. कोण काय बोलतंय ते पाहुण्याला समजावून सांगा.

तुम्ही यात कोणतं ठिकाण जोडाल?