हुक्का : पाणी आणि धूर

नागऱ्यासारख्या गावातून नागपूर-पुण्याला शिकायला जाणाऱ्या आपल्या बांधवांपैकी काहींना विडी गावंढळ वाटते, हुक्का मात्र प्रतिष्ठेचा वाटतो. तेंदूपत्त्याच्या या मुलुखात विडीचा खोकला कोणी सांगावा लागत नाही. हुक्क्याचा धूर मात्र पाण्यातून गाळून येतो, त्याला फळांचा सुवास असतो. मग तो कसा बाधणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहू.

हुक्का काही परका नव्हे. १६०४ च्या सुमारास असद बेगने विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारात नेली. पुढे गुळात मळलेली तंबाखू हुक्क्यात भरू लागले. तिचे नाव गुडाखू. शेजारच्या छत्तीसगडात ती आजही दातांना घासतात. आजच्या सुवासिक हुक्क्यातही तंबाखू गोड पाकातच मुरवलेली असते.

चिलमीत तंबाखू आणि वर पेटता कोळसा, अशी हुक्क्याची रचना. नळी ओढली की धूर पाण्यातून बुडबुडत येतो. पाणी त्याला थंड करते, थोडे निकोटीनही शोषते. परंतु कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते ते त्यामुळेही. पुष्कळांना तीच धुंदी वाटते! धूर घशाला झोंबत नाही, म्हणून तो खोलवर आणि तासन्‌तास ओढला जातो. तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर छातीत जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये नमूद केले. तंबाखूविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या हुक्क्यातही कोळसा तोच असतो.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जण दगावले. हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळे ती लागली असावी, असे अग्निशमन दलाच्या चौकशीत दिसून आले. २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायदा करून हुक्का पार्लरवर बंदी घातली; ती मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

परंतु कायदा दुकान बंद करील, मित्राच्या खोलीतला हुक्का नव्हे. तेथे आपले ज्ञानच कामी येणार. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकायला पाठविलेल्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे, की पाण्याने धूर थंड होतो, शुद्ध होत नाही.