मुदत ठेवीतलं तारुण्य

आमच्या मुलुंडच्या इमारतीचा पुनर्विकास एकदाचा मार्गी लागला आणि घर रिकामं करायची वेळ आली. चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक! मदतीला घाटकोपरहून भाचा आला होता. त्याने पन्नाशी ओलांडली आहे. पण मामाकडे आला की अजूनही आधी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतो. माळ्यावरचं एक खोकं त्याने खाली काढलं आणि आम्ही दोघेही हातातलं काम विसरलो.

खोक्यात दोन वस्तू शेजारी शेजारी होत्या. एक कॅसेट, १९८८ची, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. दुसरी सीडी, २०१२ची, ‘इव्हॉल्व्ह’. कॅसेटवर वाद्यवृंदाचं नाव होतं रॉक मशीन, सीडीवर इंडस क्रीड. नावं दोन, पण बँड एकच. कॅसेटवरची अक्षरं पुसत आलेली, सीडी मात्र दुकानातून आजच आणल्यासारखी. मनात आलं, एकाच मंडळींचं एक काम आपण शंभरदा ऐकलं आणि दुसरं जेमतेम दोनदा. असं का व्हावं?

हार्ड रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असं मानणारे वाचक पुष्कळ असतील. आमच्या घरातही तेच मत होतं. विजेवरची गिटार, छातीत धडधडणारा ड्रम आणि टिपेला गेलेला आवाज! परंतु त्या गदारोळात एक शिस्त असते, ती कान सरावले की कळते. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन उभं राहिलं. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात डीप पर्पल या नामांकित बँडची फुटलेली मंडळी अकरा वर्षांनी एकत्र आली आणि त्यांनी ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ हा अल्बम काढला. पुनरागमन म्हणजे काय, हे आमच्या पिढीने त्यावरून पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवत. जितकी नक्कल बेमालूम, तितक्या टाळ्या अधिक. अशा काळात रॉक मशीनने स्वतःची गाणी रचली, अल्बम काढला. मी त्या वेळी बँकेच्या घाटकोपर शाखेत होतो. भाचा दहावी-अकरावीतला. ताई म्हणायची, ‘‘तुझ्या जबाबदारीवर ने हो त्याला.’’ मग आम्ही दोघे लोकलने व्ही.टी.ला उतरून धोबीतलावच्या रंगभवनापर्यंत चालत जायचो. १९८६पासून तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला होता. काळे टी-शर्ट घातलेल्या त्या गर्दीत इस्त्रीचा शर्ट घातलेला मी एकटाच असायचो. परतताना शेवटची गाडी चुकेल म्हणून धावणं ठरलेलं, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसलो तरी कान गुणगुणत असायचे.

भाच्यानेही पुढे गिटार घेतली. चार मित्र जमवून घाटकोपरच्या एका गच्चीवर ते वाजवायचे, खालचे काका काठीने छत ठोकायचे. नोकरी लागली, लग्न झालं, गिटार कपाटावर गेली. कोणी सक्ती केली नव्हती. आपल्याकडे असं आपोआपच होतं.

रॉक मशीनचा दुसरा अल्बम १९९०मध्ये आला. १९९३मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि १९९५मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. १९९७मध्ये बँड फुटला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. पुढे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपायी रंगभवनही मुकं झालं. आमच्या लेखी तो अध्याय संपला होता.

आणि २०१०मध्ये ही मंडळी पुन्हा एकत्र आली. जुन्यांपैकी उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया; सोबत रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे नव्या दमाचे वादक. जुनीच गाजलेली गाणी वाजवत गावोगाव फिरले असते, तरी लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. दोन वर्षांनी नव्या गाण्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ काढला. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी! पर्ल जॅमच्या ‘टेन’चं ध्वनिमिश्रण करणाऱ्या टिम पामरकडून त्याचं मिश्रण करून घेतलं. गाणी गुंतागुंतीची, पहिल्या ऐकण्यात हाती न लागणारी. त्यातल्या ‘फायरफ्लाइज’सारख्या गाण्यात विशीतल्या पोरांचा जोष शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. कसा सापडेल? गाणारे आता विशीतले नव्हते.

सीडी आणली तेव्हा भाचा म्हणाला होता, ‘‘मामा, चांगलं आहे रे, पण आपलं नाही वाटत.’’ मीही मान डोलावली होती.

खरं तर मला तरी ते समजायला हवं होतं. माझी पहिली कादंबरी बऱ्यापैकी चालली. पुढे बदल्या, बढत्या, मुलांची शिक्षणं यात चौदा वर्षं लिहिणं बंद पडलं. दुसरी कादंबरी घेऊन गेलो तेव्हा प्रकाशकांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘‘साहेब, पहिलीसारखं काही नाही का?’’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मधल्या चौदा वर्षांत मी जे पाहिलं, सोसलं, ते काय टाकून द्यायचं होतं? आणि तोच मी, ‘इव्हॉल्व्ह’ दोनदा ऐकून खोक्यात टाकता झालो!

बँकेत उभी हयात गेल्यामुळे मला हा व्यवहार आता मुदत ठेवीसारखा दिसतो. आपण आपलं तारुण्य एखाद्या गायकाकडे, लेखकाकडे ठेव म्हणून ठेवतो आणि विसरून जातो. वीस वर्षांनी तो परतला की पावती पुढे करतो : द्या आमचं आम्हाला, व्याजासकट! तो बिचारा स्वतःचीच वीस वर्षं खर्च करून आलेला असतो. त्याच्यापाशी देण्यासारखं असतं ते त्या खर्चातून कमावलेलं. ते आपल्याला नको असतं. जुनं तसंच्या तसं देणारा टाळ्या मिळवतो, आणि नवं देणाऱ्याला त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांचीच निराशा पदरात घ्यावी लागते. दुसरा मार्ग पत्करायला धैर्य लागतं.

हे सारं मी भाच्याला सांगत होतो. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. सीडी हातात उलटीसुलटी करत होता. शेवटी म्हणाला, ‘‘चल खाली. माझ्या जुन्या गाडीत अजून सीडी चालते.’’

गाडीच्या काचा वर करून आम्ही बसलो. वरून सौभाग्यवतींचा आवाज आला, टेम्पोवाला खोळंबलाय म्हणून. आम्ही हात हलवला आणि ऐकत राहिलो. तिसऱ्या गाण्यापाशी भाच्याने आवाज वाढवला. स्टिअरिंगवर त्याची डाव्या हाताची बोटं हलत होती, टेबलावर ठेका धरावा तशी नव्हे, तारा दाबाव्यात तशी.

‘‘हे आपण नीट ऐकलंच नव्हतं, मामा.’’

कॅसेट मी पुन्हा खोक्यात ठेवली. ती माझ्याबरोबर भाड्याच्या घरी आली. सीडी मात्र तो घेऊन गेला.